संगणकातला तंबोरा

गाण्याच्या कुठल्याही क्लासात आज तंबोरा ऐकू येतो, दिसत मात्र नाही. गुरुजींच्या शेजारी मोबाईल असतो, त्यावर पट्टी निवडलेली असते आणि छोट्याशा स्पीकरमधून चार तारा अखंड वाजत असतात. खुंटी पिळावी लागत नाही, तार तुटत नाही, पावसाळी हवेने वाद्य उतरत नाही. तासातली पहिली दहा मिनिटं जुळवाजुळवीत जात नाहीत. ही सोय खरी आहे आणि तिच्याकडे पाहून नाक मुरडायला हे पुस्तक लिहिलेलं नाही. दोन खोल्यांच्या घरात साडेचार-पाच फुटांचं वाद्य ठेवायचं, ते मुलांच्या चेंडूपासून जपायचं, जवारी बिघडली की कारागीर शोधायचा, हे सगळं ज्याला जमत नाही त्याने रियाज सोडावा असं कोण म्हणेल? मी स्वतः मोबाईलच्या तंबोऱ्यावर गातो. पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहितो, त्यामुळे त्या तंबोऱ्याच्या आत काय चाललं असेल हा विचारही गाता गाता मनात येतो. हे पुस्तक त्या विचारातून झालं.

पारंपरिक वाद्याची संगणकावर नक्कल करायची म्हणजे नेमकी कशाची? बहुतेकांचं उत्तर असतं, आवाजाची. माझं म्हणणं असं की आवाज हा वाद्याच्या वागण्याचा परिणाम आहे, आणि नक्कल करायची तर त्या वागण्याची करावी. तार ताणली की काय होतं, घोडीवरचा दोरा सरकवला की काय होतं, एक तार वाजत असताना बाकीच्या तीन काय करतात, जोरात छेडल्यावर आवाज नुसता मोठा होतो की त्याचा रंगही बदलतो, या प्रश्नांना उत्तर देणारा प्रोग्राम वाद्याच्या जवळ गेला असं मी मानतो. बाकीचे प्रोग्राम उत्तम ध्वनिमुद्रणं आहेत. त्यांचा उपयोग आहेच, पण ती वाद्यं नव्हेत.

तंबोरा उदाहरण म्हणून निवडला, कारण वरवर पाहता इतकं सोपं वाद्य दुसरं नाही. त्यावर राग वाजत नाही, ताल वाजत नाही. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज, एवढ्या चार तारा बोटांनी क्रमाने छेडायच्या. तरीही नक्कल करणाऱ्यांना त्याने जेवढं दमवलं तेवढं पियानोनेही दमवलं नसेल. याचं कारण घोडीत आहे.

गिटारची किंवा व्हायोलिनची तार घोडीच्या धारेवर टेकलेली असते. तार कुठे संपते हे तिथे पक्कं ठरलेलं असतं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा पाहताना सपाट वाटला तरी त्याला अगदी हलकासा बाक असतो. पूर्वी घोडी हस्तिदंताची, सांबरशिंगाची करत. आता उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम द्रव्याची करतात. तार कंप पावू लागली की या बाकदार माथ्याला घासते, सुटते, पुन्हा टेकते. कंपनाच्या प्रत्येक फेरीत तारेची लांबी किंचित कमीजास्त होत राहते. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की तार घोडीला नेमकी कुठे आणि किती हलकेच स्पर्श करते ते बदलतं. दोरा चुकीच्या जागी असला तर तार ठणठण वाजते आणि लगेच विझते. सरकवत सरकवत एका जागी आला की तोच आवाज अचानक फुलतो, लांबतो, त्यात स्वरांची एक धार दिसू लागते. गवई म्हणतात, जवारी बोलली. अजून थोडा सरकवला की आवाज चिरका होतो. योग्य जागेचा हा पट्टा इतका अरुंद असतो की पाहणाऱ्याला बोट हललेलंही कळत नाही. दोरा योग्य जागी येऊनही जवारी बोलत नसेल, तर कारागीर तारा उतरवून घोडीचा माथा घासतो, आणि त्या कामात वर्षानुवर्षांचा हात लागतो.

शास्त्राच्या भाषेत हे प्रथम नीट मांडलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. प्रकाशावरच्या कामामुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण त्याआधी कलकत्त्यात असताना ते वाद्यांच्या मागे लागले होते. तारेबद्दल जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते उमटत नाहीत. बरोबर मध्यावर छेडलेल्या तारेतून मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, चौपट, सहापटीचे उपस्वर यायला नकोत. १९२१च्या निबंधात रामन यांनी दाखवलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. जे उपस्वर निघायलाच नकोत तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं कारण त्यांनी घोडीच्या आकारात सांगितलं. तार घोडीला आपटते तेव्हा एका उपस्वरातली शक्ती दुसऱ्याकडे जाते. आपण एकदाच छेडतो, आणि आतल्या आत ती शक्ती खालवर वाटली जात राहते. म्हणून तंबोऱ्याचा एकच टणत्कार कान देऊन ऐकला तर तो स्थिर नसतो. त्यातलं उजळ ठिकाण एका उपस्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाताना ऐकू येतं.

याच वाटणीतून स्वयंभू गांधार येतो. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ वेळा कंप पावते. तिच्या पाचपट, म्हणजे ३४६.५ कंपनांवर जो उपस्वर आहे तो गांधार. कोणी न छेडता तो तंबोऱ्यातून निघतो. हार्मोनियमवर त्याच गांधाराची पट्टी दाबली तर सुमारे ३४९.२ येतात. फरक तीनाहूनही कमी कंपनांचा, पण दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला दोन-तीन हेलकावे कानाला सरळ मोजता येतात. सम प्रमाणात बारा भाग पाडलेल्या पट्ट्यांची ही अडचण संगणकाच्याही आधीची आहे, आणि ती सोडवायचे प्रयत्न आपल्याकडे झालेले आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजले. ई. क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने हेच काम पुढे नेलं आणि श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. या प्रयत्नांचा मला अभिमान आहे, पण त्यांत एक मर्यादा राहतेच: स्वर कितीही नेमका ठरवला तरी तो एका जागी ठेवलेला असतो. गळ्यातला गांधार मध्यमाकडून येताना आणि रिषभाकडून येताना एकसारखा नसतो. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला दारं लावून घेतली. ती बंदी मला अन्यायाची वाटते, तरी तिच्या मुळाशी असलेली तक्रार खोटी नव्हती.

तीच तक्रार १९८३मध्ये नव्या वेशात आली. त्या वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांच्या विजेच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मिडी नावाची सांकेतिक भाषा ठरली. तिच्यात स्वर म्हणजे १२८ क्रमांकांपैकी एक क्रमांक, आणि तो कधी दाबला, कधी सोडला, किती जोरात दाबला, एवढी नोंद. पियानोसाठी हे पुरेसं आहे. स्वर वाकवायची सोय होती, पण ती सगळ्या वाहिनीला मिळून एक. म्हणजे एक स्वर मींडेने वर न्यावा तर त्या वाहिनीवर वाजणारे बाकीचे स्वरही फरफटत वर जायचे. तरीही ही भाषा जगभर पसरली आणि आज घराघरातल्या संगीत-प्रोग्रामांचा ती पाया आहे. आपल्याकडची कितीतरी वर्षं या पायावर सतार आणि बासरी उभी करण्यात गेली. त्या सतारी ऐकून जी अस्वस्थता वाटायची ती आवाजामुळे नव्हती. आवाज बऱ्याचदा उत्तम असायचा, पण तो पायऱ्या चढायचा. आता काचेवर बोट सरकवून वाजवायची साधनं आली आहेत. त्यांतल्या जिओश्रेडवर कर्नाटक संगीतातले गमक वाजताना मी ऐकले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यंत्राने बोटाचं ऐकलं.

तंबोऱ्याकडे परत येतो. बंगळुरूच्या राडेल कंपनीच्या जी. राज नारायण यांनी १९७९मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. त्यात तारेचा आवाज विद्युतमंडलातून घडवलेला होता. पुष्कळ गवयांनी त्याची हेटाळणी केली आणि पुढे दौऱ्याच्या सामानात तो ठेवलाही. नवल असं की त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात फेअरलाइट हे यंत्र बाजारात आलं, ज्यात खऱ्या वाद्याचा आवाज अंकांत साठवून पट्ट्यांवर वाजवता येत असे. साठवलेल्या नमुन्यांचा हा मार्ग पुढे राजमार्ग झाला. आजच्या मोबाईलमधले बहुतेक तंबोरे याच मार्गाचे आहेत. चांगल्या वाद्याची प्रत्येक तार मुद्रित करायची आणि ती पुन्हा पुन्हा वाजवायची.

या मार्गाचे दोष पहिल्या दिवशी ऐकू येत नाहीत. अर्धा तास गायल्यावर येतात. मुद्रित तार काळी एकची असेल आणि प्रोग्रामने ती काळी चारपर्यंत नुसती वेग वाढवून चढवली, तर तारेबरोबर भोपळाही आकाराने लहान झाल्यासारखा ऐकू येतो. काळजीपूर्वक केलेल्या प्रोग्रामांत म्हणून वेगवेगळ्या पट्ट्यांची वेगवेगळी मुद्रणं ठेवतात. पण त्याने दुसरा दोष जात नाही. खऱ्या वाद्यात एका तारेचं कंपन घोडीतून तबलीत, तबलीतून भोपळ्यात आणि तिथून परत बाकीच्या तारांत जातं. जोडाच्या दोन तारा कितीही मिळवल्या तरी तंतोतंत एक होत नाहीत. त्यांच्यात एक संथ हेलकावा राहतो आणि तो आवाजाला जिवंत ठेवतो. मुद्रित तारा एकमेकींना ओळखत नाहीत. त्या एकापाठोपाठ एक वाजतात एवढंच, आणि प्रत्येक आवर्तन आधीच्या आवर्तनाची हुबेहूब प्रत असतं. कानाला ते कळतं, आणि मग कान ऐकणं सोडून देतो. रियाजात ही गोष्ट घातक आहे, कारण तंबोरा ऐकत राहण्यासाठीच लावलेला असतो.

तिसरा मार्ग म्हणजे तारेचं गणित. त्याची सुरुवात इतकी साधी आहे की ती इथेच सांगून टाकतो. केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३मध्ये ती प्रसिद्ध केली. संगणकाच्या स्मृतीत ३१८ खणांची एक रांग घ्या आणि प्रत्येक खणात मनाला येईल तो आकडा भरा. आता पहिला आकडा काढून स्पीकरकडे पाठवा. तोच आकडा आणि त्याच्या मागचा आकडा यांची सरासरी काढा आणि ती रांगेच्या शेवटी नेऊन ठेवा. हे सेकंदाला ४४,१०० वेळा करत राहा. पहिल्या क्षणी खरखर ऐकू येते, आणि पापणी लवायच्या आत ती खरखर छेडलेल्या तारेचा आवाज होते. काळी एकचा षड्ज. सरासरीमुळे बारीक उपस्वर आधी विझतात आणि जाड मागे राहतात, खऱ्या तारेत होतं तसंच. हा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा आहे आणि तो पहिल्यांदा चालवल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. त्यात तार कुठेच नाही. तारेचं वागणं आहे.

खणांची संख्या पूर्णांकच असते, त्यामुळे स्वर हवा तिथे बसत नाही, हे मात्र लगेच लक्षात येतं. ८८० कंपनांचा स्वर हवा असेल तर ५० खणांनी ८७३ मिळतात आणि ४९ खणांनी ८९१. गवयाला यातलं काहीच चालणार नाही. डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी खणाच्या अंशाइतका विलंब आणायची युक्ती दिली आणि स्मिथ यांनी स्टॅनफर्डमध्ये या कल्पनेचं पुढे मोठं शास्त्र केलं. पुस्तकाच्या मधल्या भागात ते ओळीओळीने समजावलं आहे.

पण ही तार गिटारची आहे. ती घोडीच्या धारेवर टेकलेली आहे. तिला जवारी नाही. जवारी आणायची तर प्रत्येक क्षणी, सेकंदाला निदान ४४,१०० वेळा, विचारावं लागतं: तार आत्ता घोडीला टेकली आहे का? किती लांबीत? किती जोराने? आणि टेकल्यावर ती उसळेल तेव्हा हिशेबात नसलेली शक्ती कुठून तरी घुसणार नाही ना? हा शेवटचा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो. हिशेबात इवलीशी चूक राहिली तर संगणकातली तार विझायच्या ऐवजी वाढत जाते आणि स्पीकर किंचाळतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मार्टेन फान वालस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये तंबोऱ्याच्या तारेचं असं प्रारूप मांडलं जे वाजवता वाजवता चालू शकतं. त्यात बाकदार घोडी आहे आणि दोराही आहे. आपल्या जवारीवर उत्तर आयर्लंडमध्ये इतक्या बारकाईने काम व्हावं याचा मला आनंद आहे. मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं असताना तिथे ते आधी का झालं नाही, हा प्रश्नही मला सोडत नाही.

मिरजेचं नाव आलं की थांबावं लागतं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि आज मिरजेत त्या परंपरेतली कितीतरी घरं सतारमेकर हे नाव लावतात. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे तिथे येतात आणि वाद्य होऊन देशभर जातात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. संगणकातल्या नकलेचा या कारागिरांच्या पोटावर परिणाम होतो हे उघड आहे आणि ते झाकून हे पुस्तक लिहिणं मला जमलं नसतं. विकत मिळणाऱ्या नमुना-संचांत वादकाचं नाव असतं. वाद्य कोणी घडवलं, जवारी कोणी काढली, हे छापलेलं मी क्वचितच पाहिलं. जो आवाज विकला जातो त्यात कारागिराच्या कानशीचा वाटा वादकाच्या बोटापेक्षा कमी नाही. संच करणाऱ्यांनी हे नाव छापावं आणि त्या नावाला मोबदलाही द्यावा, असं मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

वागण्याची नक्कल करायची हा आग्रह एकट्या तंबोऱ्यापुरता नाही. ज्याँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रंपेटचा आवाज संगणकावर घडवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना आढळलं की ट्रंपेटच्या उपस्वरांची पट्टी कितीही अचूक उतरवली तरी ऐकणारा फसत नाही. स्वर जसा मोठा होतो तसे त्याचे वरचे उपस्वर अधिक वाढतात, हा संबंध प्रोग्राममध्ये घातला तेव्हा आवाज ट्रंपेटचा झाला. पुढच्या काळातल्या सगळ्या नकलांना ही शिकवण पुरली. बासरीतली फुंक, सनईतली पत्ती यांनाही हेच लागू पडतं. त्यांवर दोन छोटी प्रकरणं आहेत.

पुस्तकासोबत दिलेल्या प्रोग्राममध्ये मी एक गोष्ट हट्टाने ठेवली आहे. त्यात पट्टी निवडली की तंबोरा जुळून येत नाही. तो उघडला की चार तारा उतरलेल्या असतात, दर वेळी वेगळ्या. चार खुंट्या आहेत, बारीक फरकासाठी चार मणी आहेत, आणि प्रत्येक तारेखाली एक दोरा आहे. स्वर बरोबर लागल्याची खूण करणारा काटा किंवा दिवा कुठेही नाही. कानाने जुळवायचं. ज्यांनी तो वापरून पाहिला त्यांतल्या काहींनी तक्रार केली की यात वेळ जातो. जायलाच हवा. गुरूसमोर बसून तंबोरा जुळवणं हा गाण्याचा पहिला धडा असे. षड्ज-पंचम मिळाल्याचं ज्याला कळतं त्याचाच गळा पुढे मिळतो. मोबाईलने तंबोरा स्वस्त केला याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण त्याच्याबरोबर हा धडा गेला, आणि तो परत आणणं संगणकाला सहज शक्य आहे. मुद्रित आवाजाला ते जमणार नाही. मुद्रित तारेचा दोरा सरकवता येत नाही. गणिताने घडवलेल्या तारेला जमतं. इतकी खटपट करायचं माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण हेच आहे.

वाचणाऱ्यांपैकी काही गाणारे असतील आणि काही प्रोग्राम लिहिणारे. गाणाऱ्यांनी गणिताची पानं खुशाल सोडावीत, पण दोऱ्याचं प्रकरण वाचताना शेजारी खरा तंबोरा मिळवावा. शाळेत, देवळात, कुणाच्या तरी माळ्यावर तो असतोच. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी उलट करावं: कार्प्लस-स्ट्राँगची तार आधी स्वतः लिहावी आणि मगच मागे येऊन पहिली प्रकरणं वाचावीत.

तबल्याचं प्रकरण शेवटी आहे आणि ते अपुरं आहे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरात येतात हे रामन यांनीच १९२०मध्ये दाखवलं आणि १९३४मध्ये विस्ताराने मांडलं. दायाँ त्या गणिताने बऱ्यापैकी बोलतो. ‘ना’ आणि ‘तिं’ ओळखू येतात. डग्ग्यापाशी मात्र गाडी अडते. ‘घे’ वाजल्यावर मनगटाचा दाब सरकतो, चामड्याचा ताण वाजता वाजता बदलतो आणि स्वर चढतो. हा दाब मी तीन आकड्यांत बांधायचा प्रयत्न केला आहे. निघणारा आवाज डग्ग्यासारखा आहे, पण घिस्सा हाताखाली येत नाही. स्वर चढतो तेव्हा मनगट जड झाल्यासारखं वाटत नाही. प्रोग्रामचा तो भाग मुद्दाम उघडा आणि सुटा ठेवला आहे. ज्याचा डग्ग्यावर हात बसला आहे आणि ज्याला प्रोग्रामही लिहिता येतो, त्याने तो मोडून पुन्हा लिहावा आणि मला कळवावं.